लष्करी निस्सान आणि जोंगाला डिझेल इंजिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेला निस्सान वन टन ट्रक आणि त्याची धाकटी भावंडं म्हणजे जोंगा (जीपच्या ढंगाची गाडी), या गाड्या लष्करातून बाहेर पडून आज शेतांवर, डोंगरातल्या कॅम्पवर आणि हौशी मंडळींच्या अंगणात उभ्या आहेत. नव्या मालकाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: पेट्रोल फार पिते, डिझेल बसवता येईल का? त्यापाठोपाठ येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. लेथवाल्याशी बोलणी झाली असली तरी प्रश्न ३ आणि ४ आधी वाचा. हत्यारं त्यानंतर काढा.

१. या गाड्यांत मुळात कुठलं इंजिन असतं? लष्कराच्या शक्तिमान ट्रकलाही हेच लागू होतं का?

निस्सानचं ‘पी’ इंजिन. एका ओळीत सहा सिलेंडर, ३,९५६ सीसी, वर कार्बोरेटर, पेट्रोलवर चालणारं. सिलेंडरचा व्यास ८५.७ मिमी आणि स्ट्रोक ११४.३ मिमी, म्हणजे स्ट्रोक व्यासापेक्षा बराच लांब. म्हणूनच ते पेट्रोलचं असूनही खालच्या फेऱ्यांवर निमूट ओढतं. जोंगा ही निस्सान ‘पॅट्रोल ६०’ या गाडीची परवान्यावर बनवलेली आवृत्ती, १९६९ ते १९९९ या काळातली.

शक्तिमानची गोष्ट वेगळी. तो जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर बनलेला ट्रक, आणि पहिल्यापासून डिझेलचाच. त्याचं इंजिन बदलणं म्हणजे डिझेलच्या जागी डिझेल. खालची कायद्याची आणि मोजमापाची उत्तरं त्यालाही उपयोगी पडतील, पण ब्रेक आणि टाकीचे प्रश्न (१० आणि ११) त्याला फारसे पडत नाहीत.

२. फॅक्टरीने स्वतःच डिझेल जोंगा विकली होती म्हणतात. मग आम्ही केलं तर काय बिघडलं?

विकली होती. १९९६ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी अशोक लेलँडचं हिनो डिझेल बसवलेली जोंगा निघाली. पण तिचं डिझेल इंजिन उत्पादकाने दिलेलं आहे आणि तिच्या कागदांवर तशीच नोंद आहे. तुमची गाडी लष्करासाठी पेट्रोलवर बनलेली असेल, तर त्या गाडीचा दाखला तुमच्या कामाचा नाही. तांत्रिक बाजूने मात्र एक गोष्ट त्यातून सिद्ध होते: हा सांगाडा डिझेलचं वजन आणि थरथर झेपवू शकतो.

३. आरटीओची परवानगी लागते का? गॅरेजवाला म्हणतो नंतर चढवून घेऊ.

लागते, आणि आधी लागते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाने मुळात दिलेले तपशील आणि नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील जुळणार नाहीत असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. त्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

इंधन बदलण्याची वाट कायद्यात आहे, पण ती मान्यताप्राप्त संचाची (किटची). सीएनजी-एलपीजीचे असे संच मिळतात, म्हणून डिझेलचाही मिळेल असं धरून चालू नका. व्यवहारात करायचं ते असं: आधी लेखी अर्ज, त्यात बसवायच्या इंजिनाचा मेक, सीसी, क्रमांक आणि ते कुठून घेतलं त्याचं बिल. इंजिन ज्या गाडीचं आहे तिची नोंदणी रीतसर रद्द झाल्याचा कागद मागा. भंगार बाजारात बिल न देता इंजिन स्वस्त मिळतं, पण त्याचा क्रमांक उद्या एखाद्या चोरीच्या गाडीशी जुळला तर पोलीस ठाण्यात जाब तुम्हालाच द्यावा लागेल.

आरटीओने नाही म्हटलं तर? मग मूळ इंजिन बांधून घ्या. हे मी मनापासून सांगतो. सहा सिलेंडरचं ते इंजिन नीट बांधलं तर वर्षानुवर्षं साथ देतं.

४. गाडी लिलावातली आहे आणि अजून लष्करी नंबरच आहे. इंजिन आधी बदलू की नोंदणी आधी?

नोंदणी आधी. लष्करी गाड्यांची नोंद कलम ६० खाली वेगळी असते. वर बाण असलेला तो नंबर गाडी संरक्षण खात्याकडून बाहेर पडली की संपतो आणि नागरी नोंदणी नव्याने करावी लागते. तपासणीच्या वेळी निरीक्षक लिलावाच्या कागदातला इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून पाहतो. त्याच्यासमोर दुसरंच इंजिन असेल तर तुमची फाइल तिथेच अडकली म्हणून समजा.

आणखी एक. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं उलटलेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही, त्या मोडीत काढायच्या असतात. सूट आहे ती लढाऊ आणि विशेष कामाच्या गाड्यांना. त्यामुळे ‘थेट डेपोतून, कागद नंतर देतो’ असं कुणी म्हणत असेल तर पैसे देऊ नका. नागरी नोंदणी आधीच झालेली गाडी थोडी महाग पडली तरी तीच घ्या.

५. डिझेलमुळे पैसे किती वाचतात?

मूळ इंजिन लिटरला चार-पाच किलोमीटर देतं. डिझेलवर नऊ मिळतील असं समजू. वर्षाला २,००० किलोमीटर फिरवणार असाल, पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरलं, तर पेट्रोलचे साधारण ४६,००० आणि डिझेलचे २०,००० होतात. वर्षाला बचत २६,००० ची. आता इंजिन, गिअरबॉक्स, लेथकाम, रेडिएटर, वायरिंग, कमानी (पाट्यांच्या स्प्रिंगा) या सगळ्याचा खर्च मांडा आणि त्याला २६,००० ने भागा. रविवारी घाटात फिरवण्यापुरती गाडी असेल तर हा हिशेब कधीच जमत नाही.

रोज शेतमाल वाहणारी, वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालणारी गाडी असेल तर जमतो.

६. आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनं इंजिन त्याने खराब होईल, म्हणून तरी डिझेल करावं का?

इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून कार्बोरेटरमध्ये आणतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. त्रास खरा आहे. पण त्यावरचा उपाय काही हजारांत होतो: इथेनॉल सोसणारे होज, पंपाचा नवा डायफ्राम, कार्बोरेटरचा नवा किट, टाकी आतून साफ, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी. कार्बोरेटरमधलं जेट, म्हणजे इंधन येण्याचं भोक, तेही थोडं मोठं करावं लागतं, कारण इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं. एवढ्यासाठी इंजिन बदलू नका.

७. कुठलं डिझेल इंजिन बसवावं?

सर्वात जास्त येणारा प्रश्न, आणि लोक उत्तर सीसीवरून शोधतात. आधी ओढ (टॉर्क) बघा, मग वजन, मग लांबी, आणि शेवटी सुटे भाग.

टाटा ४०७ चं ४९७ इंजिन (चार सिलेंडर, २,९५६ सीसी) सगळ्यात सोपं. तालुक्याच्या गावातही त्याचा फिटर सापडतो, सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. पण बिनटर्बोच्या ४९७ ची ओढ निस्सानच्या मूळ इंजिनापेक्षा कमी आहे, हे कुणी सांगत नाही. चार लिटरच्या सहा सिलेंडरची सवय असलेल्या गाडीला ते चढावर अपुरं वाटतं. जोंगाला चालून जाईल. भरलेल्या वन टनला टर्बोचं घ्या.

आयशर कँटरचं मित्सुबिशी घराण्यातलं इंजिन (३,२९८ सीसी) आणि स्वराज माझदाचं (३,४५५ सीसी) या दोन्हींची ओढ चांगली, आवाज सुसह्य. वन टनला माझी पसंती यांपैकी एकाला. मात्र घेण्याआधी तुमच्या भागात त्यांच्या डिझेल पंपाचं काम करणारा माणूस आहे का ते पाहा.

टाटाचं ६९७ (सहा सिलेंडर, ५,६७५ सीसी) बसवा असं सांगणारे बरेच भेटतात. ते मोठ्या ट्रकचं इंजिन आहे. पुढच्या कमानी बसतात, स्टिअरिंग जड होतं आणि त्याची ओढ मागच्या हाउसिंगमधल्या (दोन चाकांमधल्या अॅक्सलच्या लोखंडी कवचातल्या) क्राउन-पिनियनवर, म्हणजे ओढ चाकांकडे वळवणाऱ्या गिअरवर, आणि अॅक्सलवर येते. चिखलात चारही चाकं गुंतवून क्लच सोडला की सगळ्यात कमजोर भाग तुटतो, आणि तो भाग आता इंजिनात नसतो, खाली असतो. जोंगाला तर मुळीच नको.

महिंद्राचं २,५२३ सीसीचं साधं डीआय जोंगाला बसतं, वजनालाही हलकं, पण घाईत गाडी पळवायची अपेक्षा ठेवू नका. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची नवी डिझेल) इंजिनं या कामाला घेऊ नयेत असं माझं मत आहे. त्यांच्यासोबत ईसीयू (इंजिनाचा संगणक), सेन्सर, पॅडल, संपूर्ण वायरिंग आणावी लागते, आणि ओढ्यातून जाणाऱ्या उघड्या गाडीत ती टिकवणं कठीण जातं.

८. मूळ गिअरबॉक्स ठेवू की डिझेलचाच गिअरबॉक्स आणू?

ट्रान्सफर केस, म्हणजे ओढ पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारी पेटी, कसा बसलाय त्यावर ठरतं. तो गिअरबॉक्सपासून सुटा असेल आणि मध्ये छोटा प्रोपेलर शाफ्ट असेल, तर डिझेल इंजिन त्याच्याच गिअरबॉक्ससकट आणा आणि तो छोटा शाफ्ट नव्या मापाचा करून घ्या. क्लच, फ्लायव्हील, बेल हाउसिंग सगळं कंपनीचं, जुळलेलं. दोन्ही टोकांच्या जॉइंटचे कोन सारखे येतील हे पाहा, नाहीतर ठरावीक वेगाला घरघर सुरू होते आणि जॉइंटमधले क्रॉस लवकर झिजतात.

ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला असेल तर मूळ गिअरबॉक्स ठेवावा लागतो आणि मध्ये अॅडॉप्टर प्लेट येते. सगळी कलाकुसर इथे आहे. प्लेट कापणं सोपं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्या-पिंपरीतल्या कुठल्याही चांगल्या वर्कशॉपमध्ये ती होते. अवघड आहे ते केंद्र जुळवणं. क्रँकचं केंद्र आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं केंद्र एका रेषेत हवं, आणि ते डोळ्यांनी कळत नाही. फ्लायव्हीलवर डायल गेज बसवा, त्याची सुई बेल हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेवर टेकवा आणि इंजिन हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. सुईची एकूण हालचाल ०.२ मिमीच्या आत राहिली पाहिजे. जास्त असेल तर प्लेट सरकवा, पुन्हा मोजा, जमल्यावरच डॉवेल पिनांची भोकं पाडा. बोल्ट केंद्र धरत नाहीत, डॉवेल धरतात. डॉवेल न घालता दिलेली प्लेट परत करा.

पायलट बेअरिंग विसरू नका. इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमध्ये टेकतं तिथलं माप दोन्ही गाड्यांचं वेगळं असतं; बुश लेथवर करून घ्यावा लागतो. क्लच प्लेटला मधले दाते निस्सानचे आणि बाहेरचा व्यास डिझेलच्या प्रेशर प्लेटचा, अशी प्लेट बांधून देणारे कारागीर आहेत.

९. डिझेल बसवल्यावर गाडीचा वेग कमी होतो का?

हो, आणि त्यात दोष इंजिनाचा नाही. पेट्रोलचं इंजिन जितक्या फेऱ्या मारतं तितक्या ट्रकचं डिझेल मारत नाही. समजा तुमच्या हाउसिंगचं गुणोत्तर ५.५ आहे आणि चाकाचा एक फेरा २.४ मीटरचा. टॉप गिअर थेट असेल तर मिनिटाला ३,६०० फेऱ्यांना ताशी ९४ किलोमीटर वेग मिळतो, २,८०० फेऱ्यांना ७३. आणि ताण न देता २,२०० वर चालवली तर ५८.

उपाय दोन. ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स आणणं (प्रश्न ८ मधली पहिली तऱ्हा शक्य असेल तर), किंवा क्राउन-पिनियन बदलणं. दुसरा उपाय करायचा तर पुढची आणि मागची दोन्ही हाउसिंगं एकाच गुणोत्तराची हवीत. एकच बदललं आणि चारचाकी ओढ लावली की ट्रान्सफर केस स्वतःशीच झगडतो.

१०. इंजिन मस्त चालतंय, पण ब्रेक दगडासारखा कडक झालाय. का?

ब्रेकच्या सर्व्होला (पेडल दाबायला जोर देणाऱ्या भागाला) लागणारा व्हॅक्यूम गेला म्हणून. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलच्या पट्टीमुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. डिझेलला ती पट्टीच नसते. व्हॅक्यूम पंप वेगळा लावावा लागतो. बऱ्याच देशी डिझेल इंजिनांवर तो अल्टरनेटरच्या मागे असतो, म्हणून इंजिन घेताना अल्टरनेटर पंपासकट घ्या. पंपाला इंजिनातून तेलाची नळी येते आणि परतीचं तेल चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) जातं, या दोन्ही जोडण्या तपासा. मध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह आणि शक्य असेल तर छोटी टाकी बसवा, म्हणजे इंजिन बंद पडलं तरी दोन-तीनदा ब्रेक लागतो.

घाटात नेण्याआधी हे काम झालंच पाहिजे.

११. पेट्रोलची टाकी तीच चालेल का?

चालते, पण तशीच नाही. आतून पूर्ण धुऊन, वाफ काढून, गंज घासून घ्या. वेल्डिंग करायचं असेल तर रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, आतली वाफ पेटते. हे काम फक्त टाक्यांचं काम करणाऱ्याकडेच द्या. आतून जस्ताचा मुलामा असेल तर डिझेल त्याच्याशी जमत नाही, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) जाम होतात.

पेट्रोलला एक नळी पुरते, डिझेलला दोन लागतात: एक इंजिनाकडे, एक नोझल आणि पंपाचं उरलेलं डिझेल परत आणणारी. परतीची नळी टाकीत वरून आणा. ओढणाऱ्या नळीपासून ती लांब ठेवा, नाहीतर फेस सरळ ओढला जातो. पाणी वेगळं करणारा फिल्टर हवाच.

पहिल्यांदा सुरू करताना हवा काढण्याचा क्रम: फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबले की आवळा, मग इंजेक्शन पंपावरचा, शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून सेल्फ मारा. नळीजवळ बोट नेऊ नका, त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं.

१२. १२ व्होल्ट की २४?

आधी तुमच्या गाडीवर काय आहे ते पाहा, कारण मागच्या मालकांनी काय काय बदललंय याचा नेम नसतो. नव्या इंजिनाचा सेल्फ, अल्टरनेटर आणि इंजिन बंद करायचा सोलेनॉइड एकाच व्होल्टचे हवेत. छोट्या डिझेलना बहुधा १२, मोठ्या ट्रकच्या इंजिनांना २४ लागतं. सगळी गाडी एकाच व्होल्टची करा. अर्धी-अर्धी वायरिंग आगीला आमंत्रण देते. इग्निशन कॉइल, डिस्ट्रिब्युटर निघतात. फेऱ्यांचा मीटर कॉइलवर चालत असेल तर तो आता अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टोकावरून चालवावा लागतो.

१३. खड्ड्यात पुढून ठण्‌ आवाज येतो. काय आपटतंय?

बहुतेक तेलाचं चेंबर पुढच्या हाउसिंगवर. मोठ्या रस्त्याच्या ट्रकला पुढे हाउसिंग नसतं, म्हणून त्याच्या इंजिनाचं चेंबर पुढच्या बाजूला खोल असलं तरी चालतं. तुमच्या गाडीत तिथेच हाउसिंग वर-खाली होतं.

तपासायचं असं: हाउसिंगच्या वर मळलेल्या मातीचा जाड गोळा चिकटवा, कमानींचे बंप रबर काढा आणि जॅकने हाउसिंग वर ढकला, कमान पूर्ण सपाट होईपर्यंत. मग खाली आणून मातीची जाडी मोजा. बंप रबर परत बसवल्यावर निदान २० मिमी जागा मोकळी राहिली पाहिजे. कमी असेल तर चेंबर कापून उथळ करा आणि बाजूने रुंद करा, तेलाचा साठा तेवढाच राहील. तेलाची गाळणीही त्यानुसार सरकवावी लागते, हे लोक विसरतात आणि चढावर तेलाचा दाब पडतो. पाटे वाढवून गाडी उंच करणं हा सोपा मार्ग दिसतो, पण त्याने शाफ्टचे कोन बिघडतात (प्रश्न ८).

१४. इंजिन गरम होतं आणि केबिन थरथरतं.

गरमीसाठी रेडिएटरचा गाभा एका ओळीने वाढवा आणि पंख्याभोवती शीटचं आवरण घाला. पंखा रेडिएटरपासून लांब गेलेला असतो तेव्हा आवरणाशिवाय हवा खेचलीच जात नाही. थरथरीसाठी डिझेलचीच रबरी माउंटिंगं वापरा आणि त्यांचे ब्रॅकेट चासीला दोन्ही बाजूंनी आधार देऊन बसवा.

१५. किल्ली काढली तरी इंजिन बंद झालं नाही, उलट वेगच घेऊ लागलं. काय करायचं?

हा सगळ्यात धोक्याचा प्रसंग. टर्बोच्या सीलमधून किंवा जास्त भरलेल्या चेंबरमधून इंजिन स्वतःचंच तेल जाळू लागतं, किंवा पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) अडकतो. तेल जळत असेल तर डिझेल तोडूनही फरक पडत नाही. गाडीत बसलेले असाल तर ब्रेक गच्च दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा, इंजिन बंद पडेल. बाहेर असाल तर इंजिनाचं हवा ओढणारं तोंड जाड लाकडी फळीने बंद करा. हात, कापड कधीही नको, दोन्ही आत ओढले जातात.

जुनं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना फळी शेजारी ठेवूनच करा, आणि एअर क्लीनर लावण्याआधी. पंपाच्या बंद करायच्या दांडीला केबिनमधून ओढता येईल अशी तारही जोडा.

१६. गाडी घेतली तेव्हाच डिझेल होती, पण आरसीवर पेट्रोल लिहिलंय.

जबाबदारी आता तुमची. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला हे कारण पुरतं. पीयूसीवरही हे उघडं पडतं, कारण डिझेलची तपासणी वेगळी असते. बीएस-४ या प्रदूषण मानकापूर्वीच्या डिझेलला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं माप) आहे, आणि पेट्रोल म्हणून नोंद असलेल्या गाडीला ती तपासणी लागतच नाही. इंजिनाचे कागद मिळवा आणि प्रश्न ३ प्रमाणे अर्ज करा. कागद मिळत नसतील तर ती गाडी रस्त्यावर काढू नका, आणि पुढच्या माणसाला तशीच विकूही नका.

१७. माझी जोंगा पन्नास वर्षांची झाली. व्हिंटेज नोंदणी घेऊन डिझेल ठेवता येईल का?

नाही. जुलै २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या, मूळ रूपात असलेल्या गाडीलाच मिळते, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट आहे. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर येऊ शकते.

म्हणजे सत्तरच्या दशकातली गाडी असेल तर डिझेल बसवताना तुम्ही ही वाट बंद करताय. पुढच्या काही वर्षांत पन्नाशी गाठणाऱ्या गाड्यांच्या मालकांनी याचा विचार आधीच करावा.

१८. काढलेल्या पेट्रोल इंजिनाचं काय करू? भंगारवाला चांगला भाव देतोय.

देऊ नका. क्रमांक असलेलं मूळ इंजिन गेलं की गाडी पुन्हा मूळ रूपात येणं जवळपास संपतं, आणि ही इंजिनं आता कुणी बनवत नाही. पाणी आणि जुनं तेल पूर्ण काढा, नवं तेल भरा. प्लगच्या सहा भोकांतून प्रत्येकी दोन-तीन चमचे तेल सोडा, इंजिन हाताने चार फेरे फिरवा आणि प्लग परत लावा. कार्बोरेटर आणि सायलेन्सरची तोंडं पत्र्याने बंद करा. लाकडी पाटावर, जमिनीपासून उंच, ताडपत्रीखाली ठेवा. ताडपत्री खालून मोकळी सोडा म्हणजे दमट हवा अडकत नाही. दर महिन्याला क्रँकच्या नटाला पाना लावून थोडा फिरवा, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबवा. माउंटिंग, एक्सलरेटरची दांडी, डिस्ट्रिब्युटर, कॉइल हे सगळं एका खोक्यात घालून, कुठला बोल्ट कुठला याची चिठ्ठी लावून इंजिनाशेजारीच ठेवा.